एक भूभाग, अनेक नकाशे

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर आणि वाई यांच्यातील सरळ रेषेचे अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. एवढ्या पट्ट्यात सह्याद्रीचा माथा, पाचगणीचे सपाट पठार, पसरणीचा चढाव, धोम धरणाचा जलाशय आणि कृष्णाकाठची शेतजमीन अशी निरनिराळी भूरूपे एकापाठोपाठ एक येतात. या भूभागाचा जगाच्या नकाशात एक ठिपकाही होत नाही. राज्याच्या नकाशात त्याला नखाएवढी जागा मिळते, सर्वेक्षण विभागाच्या पत्रकावर त्याचे ओढे आणि पायवाटाही दिसतात आणि गाव नकाशात प्रत्येक बांध स्वतंत्र ओळखता येतो. जमीन एकच असली तरी हे नकाशे एकमेकांपासून फार वेगळे आहेत. असे का होते हे समजले, म्हणजे नकाशांच्या प्रकारांबरोबरच भूगोलाच्या काही मूलभूत संकल्पनाही स्पष्ट होतात.

पृथ्वीच्या पृष्ठभागाचे किंवा त्याच्या एखाद्या भागाचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले, सपाट पृष्ठावर मांडलेले निवडक चित्रण म्हणजे नकाशा होय. या व्याख्येतील ‘निवडक’ हे विशेषण सर्वांत महत्त्वाचे आहे. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात जे दिसते ते सर्व उमटते. नकाशाकार मात्र काही गोष्टी ठेवतो आणि बाकीच्या वगळतो. प्रत्येक नकाशामागे स्थान कशाने सांगायचे, जमीन किती लहान करायची, वक्र पृष्ठभाग सपाट कसा करायचा आणि कोणती माहिती दाखवायची, असे चार निर्णय असतात. नकाशा वाचणे म्हणजे हे निर्णय ओळखणे.

स्थान : वृत्तांची जाळी

पृथ्वीवरील कोणत्याही ठिकाणाचे स्थान दोन कोनांनी निश्चित होते. विषुववृत्तापासून उत्तरेकडील किंवा दक्षिणेकडील कोनीय अंतराला अक्षांश म्हणतात आणि मूळ रेखावृत्तापासून पूर्वेकडील किंवा पश्चिमेकडील कोनीय अंतराला रेखांश म्हणतात. समान अक्षांशाची ठिकाणे जोडणारी अक्षवृत्ते एकमेकांना समांतर असतात, तर रेखावृत्ते एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत जाणारी अर्धवर्तुळे असल्याने ध्रुवांजवळ एकत्र येतात. यामुळे अक्षांशाच्या एका अंशाचे जमिनीवरील अंतर सर्वत्र सुमारे १११ किलोमीटर राहते, पण रेखांशाच्या एका अंशाचे अंतर विषुववृत्तावरील १११ किलोमीटरपासून कमी होत ६० अंश अक्षवृत्तावर त्याच्या निम्मे आणि ध्रुवावर शून्य होते. महाबळेश्वर सुमारे १७°५५' उत्तर अक्षांश आणि ७३°४०' पूर्व रेखांशावर आहे. तेथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०६ किलोमीटरचा भरतो.

विषुववृत्त पृथ्वीच्या परिवलनामुळे आपोआप ठरते, परंतु रेखांश कोठून मोजायचे हे माणसांना ठरवावे लागते. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितात उज्जयिनीवरून जाणारे रेखावृत्त मूळ मानले जात असे. १८८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लंडनजवळील ग्रिनिचच्या रेखावृत्ताला ही मान्यता दिली. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरत असल्याने रेखांशाच्या प्रत्येक अंशामागे स्थानिक वेळेत चार मिनिटांचा फरक पडतो. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२°३०' पूर्व रेखावृत्तावर आधारलेली असल्याने ती ग्रिनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तासांनी पुढे असते. महाबळेश्वर या रेखावृत्ताच्या ८°५०' पश्चिमेला असल्यामुळे तेथे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ वर्षाच्या सरासरीने घड्याळातील बारानंतर सुमारे ३५ मिनिटांनी येते.

नकाशावरील स्थान अचूक असण्यासाठी जमिनीवरील मोजणी अचूक असावी लागते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. तथापि उपखंडाच्या नकाशांना भक्कम गणिती पाया मिळाला तो विल्यम लँबटन याने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणामुळे. या पद्धतीत सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक पायारेषा साखळीने अत्यंत काळजीपूर्वक मोजण्यात आली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, म्हणून त्या रेषेच्या दोन टोकांपासून दूरच्या टेकडीकडे होणारे कोन थिओडोलाइट या कोनमापक यंत्राने मोजून पुढच्या बाजू ठरवल्या गेल्या आणि त्या बाजूंवर नवे त्रिकोण उभारत सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत गेले. हे काम चालू असतानाच १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे लँबटनचा मृत्यू झाला. जॉर्ज एव्हरेस्ट याने ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासची ही साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. पुढे याच सर्वेक्षणाच्या निरीक्षणांवरून राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने केलेल्या आकडेमोडीतून ‘शिखर १५’ हे जगातील सर्वोच्च शिखर असल्याचे सिद्ध झाले आणि १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. आज हेच काम उपग्रहांच्या साहाय्याने होते. किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संकेतांच्या वेळांवरून ग्राहकयंत्र आपले स्थान काढते, म्हणजे दूरच्या ज्ञात बिंदूंवरून अज्ञात बिंदू ठरवण्याचे तत्त्व कायम राहून ज्ञात बिंदू तेवढे टेकड्यांवरून अवकाशात गेले आहेत.

प्रमाण : किती लहान करायचे

नकाशावरील अंतर आणि जमिनीवरील प्रत्यक्ष अंतर यांच्या गुणोत्तराला नकाशाप्रमाण म्हणतात. ‘एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर’ असे ते शब्दांत सांगता येते, १:५०,००० असे संख्येत लिहिता येते किंवा भाग पाडलेल्या रेषेने दाखवता येते. यांपैकी रेषाप्रमाणाचा विशेष उपयोग असा की, नकाशाची प्रत लहान किंवा मोठी करून काढली तरी रेषाही त्याच पटीत बदलते आणि मोजमाप बरोबर येते. शब्दप्रमाण आणि संख्याप्रमाण मात्र अशा प्रतीवर चुकीचे ठरतात.

महाबळेश्वर ते वाई हे २५ किलोमीटरचे अंतर १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर ५० सेंटिमीटर, १:१०,००,००० प्रमाणावर अडीच सेंटिमीटर आणि १:२,५०,००,००० प्रमाणाच्या जगाच्या भिंतीवरील नकाशावर अवघे एक मिलिमीटर भरते. ज्या नकाशात लहान क्षेत्र अधिक तपशिलाने दाखवले जाते तो बृहत्प्रमाण नकाशा आणि ज्यात मोठे क्षेत्र कमी तपशिलाने दाखवले जाते तो लघुप्रमाण नकाशा होय. येथे विद्यार्थ्यांची अनेकदा गल्लत होते, कारण १:१०,००,००० हा आकडा मोठा दिसतो; परंतु प्रमाण हा अपूर्णांक असल्याने छेद जितका मोठा तितके प्रमाण लहान असते.

बृहत्प्रमाण नकाशांत गाव नकाशाला अग्रक्रम द्यावा लागतो, कारण महाराष्ट्रातील शेतकऱ्याचा ज्या नकाशाशी प्रत्यक्ष संबंध येतो तो हाच. जमीन धारकनिहाय दाखवणाऱ्या या भूमापन नकाशात शीव, गट क्रमांक, बांध, ओढे आणि गाडीवाटा असतात; सातबारा उताऱ्यावर नोंदवलेल्या गटाचा आकार आणि जागा त्यावरूनच कळते. मुंबई इलाख्यातील शेतवार मोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात घडवली. तिच्यात ३३ फुटांची साखळी वापरली जाई आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशा चौरसाचे क्षेत्रफळ म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. या नकाशात डोंगराची उंची दिसत नाही, कारण त्याचा प्रश्न जमीन कोणाची आणि किती, एवढाच असतो.

प्रक्षेपण : वक्र पृष्ठभाग सपाट करताना

पृथ्वी जवळजवळ गोलाकार आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या सुमारे ६,३५७ किलोमीटर असल्याने ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. असा वक्र पृष्ठभाग न ताणता आणि न फाडता सपाट करता येत नाही, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. त्यामुळे वृत्तजाळी कागदावर उतरवण्याच्या प्रत्येक पद्धतीत, म्हणजेच प्रत्येक प्रक्षेपणात, क्षेत्रफळ, आकार, अंतर आणि दिशा यांपैकी काहीतरी बिघडते, आणि काय राखायचे हे आधी ठरवावे लागते.

गेरार्ड मर्केटर याने १५६९ साली तयार केलेल्या जगाच्या नकाशात दिशा राखल्या आहेत. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज ज्या मार्गाने जाते तो मार्ग या नकाशावर सरळ रेषा म्हणून उमटतो, त्यामुळे तो दर्यावर्दींना फार उपयोगी ठरला. मात्र हे साधण्यासाठी विषुववृत्तापासून दूर जावे तसा पृष्ठभाग दोन्ही दिशांना ताणावा लागतो. ६० अंश अक्षवृत्तावर लांबी दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट होते. भारताचे क्षेत्रफळ सुमारे ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर आणि ग्रीनलँडचे सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे भारत ग्रीनलँडच्या दीडपट आहे. पण मर्केटरच्या नकाशावर ग्रीनलँड भारताच्या कितीतरी पट मोठे दिसते आणि प्रत्यक्षात त्याच्या सुमारे चौदापट असलेल्या आफ्रिका खंडाच्या बरोबरीला येऊन बसते. त्याचप्रमाणे मुंबई आणि न्यूयॉर्क यांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग या नकाशावर उत्तरेकडे मोठा बाक घेतलेला दिसतो, आणि जी रेषा सरळ दिसते ती प्रत्यक्षात लांबची असते.

दंडगोलाच्या कल्पनेवर आधारलेल्या अशा प्रक्षेपणांखेरीज शंकूच्या आणि सपाट पृष्ठाच्या कल्पनेवर आधारलेलीही प्रक्षेपणे आहेत. शंकू प्रक्षेपण मध्यम अक्षांशांतील पूर्व-पश्चिम पसरलेल्या प्रदेशांना योग्य ठरते. एखाद्या बिंदूवर टेकलेल्या सपाट पृष्ठाचे प्रक्षेपण ध्रुवीय प्रदेशांसाठी सोयीचे असते. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातील जगाचा नकाशा उत्तर ध्रुव मध्यभागी ठेवून याच पद्धतीने काढलेला आहे. क्षेत्रफळ राखणारी समक्षेत्र प्रक्षेपणे लोकसंख्या, पिके किंवा वने यांची तुलना करणाऱ्या नकाशांसाठी आवश्यक असतात, कारण तेथे क्षेत्रच ताणले गेले तर तुलनेलाच अर्थ उरत नाही. भ्रमणध्वनीवरील रस्त्यांच्या नकाशांत मात्र मर्केटरचेच एक सुधारित रूप वापरले जाते, कारण त्यात लहान भागाचे कोन बिघडत नाहीत आणि चौकातील काटकोन काटकोनच राहतो. महाबळेश्वर-वाईसारख्या छोट्या पट्ट्यात प्रक्षेपणाची विकृती जाणवण्याइतकी नसते; नकाशात जितके मोठे क्षेत्र घ्यावे तितका हा प्रश्न वाढत जातो.

उंचसखलपणा : समोच्चरेषा

भूपृष्ठाची उंची सपाट कागदावर दाखवण्याचे सर्वांत नेमके साधन समोच्चरेषा हे आहे. समुद्रसपाटीपासून समान उंचीवर असलेल्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेला समोच्चरेषा म्हणतात आणि लगतच्या दोन रेषांमधील उंचीच्या फरकाला समोच्चरेषांतर म्हणतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशात हे अंतर सर्वसाधारणपणे २० मीटर असते. या मालिकेतील प्रत्येक पत्रक अक्षांशाची १५ मिनिटे आणि रेखांशाची १५ मिनिटे एवढे क्षेत्र व्यापते. जुन्या क्रमांकपद्धतीप्रमाणे महाबळेश्वर ‘४७ जी/९’ या पत्रकावर आणि वाई त्याला लागून पूर्वेस असलेल्या ‘४७ जी/१३’ या पत्रकावर येते. पत्रकावरील रंगांनाही ठरलेला अर्थ असतो : निळा पाण्यासाठी, हिरवा वनांसाठी, पिवळा लागवडीच्या जमिनीसाठी, लाल रस्ते व वस्त्यांसाठी आणि तपकिरी समोच्चरेषांसाठी वापरतात.

समोच्चरेषा जेथे दाट येतात तेथे उतार तीव्र असतो आणि जेथे विरळ होतात तेथे मंद असतो. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर आणि पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर असल्यामुळे पसरणी घाटाच्या उतारावर जवळजवळ तीस समोच्चरेषा एकमेकींना चिकटून आलेल्या दिसतात. घाटरस्ता त्यांना सरळ न छेदता त्यांच्या बाजूने वळसे घेत चढतो, कारण रेषेच्या कलाने गेल्यासच गाडीला पेलणारा चढ मिळतो. घाटमाथ्यावर मात्र चित्र एकदम पालटते. पाचगणीच्या टेबललँडवर बेसॉल्ट खडकावर जांभ्याचा कठीण थर असल्याने पठाराचा माथा सपाट राहिला आहे, म्हणून त्याच्या कडेला रेषांची गर्दी आणि माथ्यावर मोकळी जागा असते. उताराचे मापही नकाशावरूनच काढता येते. एक सेंटिमीटरमध्ये पाच रेषांतरे ओलांडली गेली, तर जमिनीवरील ५०० मीटर अंतरात १०० मीटर चढ आहे, म्हणजे उतार पाचास एक आहे.

ओढा किंवा नदी ओलांडताना समोच्चरेषा उगमाच्या दिशेने टोक असलेला कोन करते आणि डोंगराच्या सोंडेवर तिचे टोक उताराच्या दिशेने वळते. या एका नियमाने पाणी कोणत्या दिशेने वाहते आणि दोन नद्यांच्या खोऱ्यांना वेगळे करणारा उंच भाग, म्हणजे जलविभाजक, कोठून जातो हे समजते. महाबळेश्वर येथे हा जलविभाजक असाधारण महत्त्वाचा आहे. अरबी समुद्रापासून सुमारे ६४ किलोमीटरवर उगम पावूनही कृष्णा पूर्वेकडे वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच परिसरात उगम पावणारी सावित्री पश्चिमेकडे सह्याद्री उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. राजकीय नकाशावर महाबळेश्वर हे एका तालुक्याचे नाव असते, प्राकृतिक नकाशावर मात्र ते दोन समुद्रांकडे जाणाऱ्या पाण्याची वाटणी करणारे ठिकाण ठरते.

वितरण : विषयात्मक नकाशे

एकच विषय निवडून त्याचे भौगोलिक वितरण दाखवणाऱ्या नकाशांना विषयात्मक नकाशे म्हणतात आणि त्यांच्या तीन पद्धती विशेष प्रचलित आहेत. टिंब पद्धतीत एक टिंब म्हणजे ठरावीक संख्या असे मानून घटक जेथे प्रत्यक्ष आहे तेथे टिंबे दिली जातात. महाबळेश्वर परिसरातील स्ट्रॉबेरीची लागवड या पद्धतीने दाखवल्यास टिंबे घाटमाथ्यावर दाट होतील आणि पूर्वेकडे दिसेनाशी होतील. या पद्धतीचे सामर्थ्य १८५४ साली लंडनमधील पटकीच्या साथीत दिसून आले. जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यूंची ठिकाणे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपाभोवती एकवटलेली आढळली आणि रोग दूषित पाण्यातून पसरतो या त्यांच्या प्रतिपादनाला बळ मिळाले.

क्षेत्रघनी पद्धतीत जिल्हा किंवा तालुका अशा प्रशासकीय विभागाला सरासरीनुसार एक छटा दिली जाते, तर सममूल्य पद्धतीत समान मूल्याची ठिकाणे रेषांनी जोडली जातात. या दोहोंतील फरक पर्जन्याच्या नकाशात स्पष्ट होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पाचगणीला दोन हजारांच्या आत, वाईला एक हजाराहूनही कमी, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण-फलटण भागात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर चढताना थंड होऊन आपले बाष्प पश्चिम उतारावर आणि माथ्यावर टाकतात आणि पूर्वेस उतरताना पुन्हा उष्ण व कोरडे होतात, म्हणून पूर्वेकडे पर्जन्यछायेचा प्रदेश तयार होतो. क्षेत्रघनी नकाशात संपूर्ण सातारा जिल्हा एकाच छटेत रंगवला जातो आणि अतिवृष्टी व अवर्षण दोन्ही त्या सरासरीत बुडून जातात; समपर्जन्यरेषांच्या नकाशात मात्र माथ्यापासून पूर्वेकडे झपाट्याने उतरणारा पाऊस जसाच्या तसा दिसतो. याउलट साक्षरता, लोकसंख्येची घनता किंवा दरडोई उत्पन्न यांची माहिती प्रशासकीय विभागांनुसारच गोळा होत असल्याने तेथे क्षेत्रघनी पद्धतच सयुक्तिक ठरते.

रेषा जेव्हा नियम होते

नकाशा माहिती देण्यापुरता राहत नाही. पुष्कळदा त्यावरून नियम लागू होतात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ साली पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला आणि तेथील बांधकामांवर व जमिनीच्या वापरावर निर्बंध आले. पुढे संपूर्ण पश्चिम घाटासाठी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ साली आपला अहवाल सादर केला. तिने सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून मूल्यमापन केले आणि संवेदनशीलतेच्या श्रेणी तालुका हा घटक धरून सुचवल्या. के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ साली उपग्रहचित्रांच्या आधारे गाव हा घटक धरला. डोंगर तेच, पण मोजणीचा घटक बदलताच संवेदनशील ठरलेल्या प्रदेशाचा आकार बदलला आणि त्यावरील सार्वजनिक वादाचे स्वरूपही बदलले. नद्यांच्या पूररेषांबाबतही असेच आहे. महाराष्ट्रात २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा लाल रेषेने दाखवली जाते, आणि एखाद्या भूखंडावर घर बांधता येईल की नाही हे त्या रेषांवर अवलंबून असते.

अशा नकाशांच्या बाबतीत प्रमाणाचा विसर सर्वांत घातक ठरतो. १:१०,००,००० प्रमाणाच्या नकाशावरील अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवरील ५०० मीटर व्यापते, म्हणून तिच्यावरून एखादे शेत सीमेच्या आत की बाहेर हे ठरवता येत नाही. संगणकाच्या पडद्यावर तो नकाशा कितीही मोठा करून पाहिला, तरी चित्र मोठे होते. मूळ मोजणीची सूक्ष्मता वाढत नाही. भौगोलिक माहिती प्रणालीत गाव नकाशा, समोच्चरेषा, पर्जन्य आणि उपग्रहचित्रे असे थर एकावर एक ठेवता येतात, परंतु त्या थरांतील सर्वांत स्थूल थराची जेवढी अचूकता तेवढ्याच अचूकतेचा निष्कर्ष त्यातून निघू शकतो.

भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या ‘भुवन’सारख्या संकेतस्थळामुळे आणि २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोनद्वारे होत असलेल्या गावठाणांच्या मोजणीमुळे पूर्वी कार्यालयांच्या कपाटात राहणारे नकाशे आता सामान्य माणसाच्या हाती येऊ लागले आहेत. ही उपलब्धता फलदायी व्हायची असेल, तर विकास आराखडा, पूररेषा किंवा संवेदनशील क्षेत्र यांचा नकाशा ग्रामसभेसमोर येईल तेव्हा त्याचे मूळ प्रमाण काय, मोजणी कोणत्या वर्षीची, सरासरी कोणत्या घटकाची आणि कोणती माहिती वगळली आहे, हे प्रश्न तेथे विचारले गेले पाहिजेत. हे प्रश्न विचारण्याची क्षमता शाळेतील भूगोलाच्या तासाला, आपल्याच तालुक्याच्या स्थलदर्शक पत्रकावर बोट ठेवून घडवता येते; म्हणून प्रत्येक शाळेत जगाच्या नकाशाशेजारी ते पत्रकही असायला हवे.